कृष्णाकाठच्या सोप्या पायवाटा (वाई, मेणवली, धोम): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघे बोलायला लागले तेव्हा मी गड सोडले आणि नदी धरली. पांडवगड, कमळगड, केंजळगड, वैराटगड वाईच्या भोवती उभे आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांची काही कमी नाही. मधून वाहणाऱ्या कृष्णेच्या काठानं मात्र फारसं कोणी चालत नाही. दर थंडीत पुण्यामुंबईचे नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि त्या शेजाऱ्यांचे साहेब फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

हे नक्की कुठलं खोरं?

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वराला उगम पावते, जोरच्या बाजूनं खाली येते, बलकवडी आणि धोम या दोन धरणांत अडते आणि मग मेणवली, वाई करत भुईंज, लिंब, माहुलीकडे जाते. इथे मुख्यतः धोम ते वाई एवढाच टप्पा सांगितला आहे. एका अंगाला पाचगणीचं पठार भिंतीसारखं उभं, दुसऱ्या अंगाला पांडवगडाची रांग, मधे सपाट मळे. साताऱ्याजवळच्या आणि खाली कराड-सांगलीकडच्या थोड्या जागा शेवटी दिल्या आहेत, नाहीतर तिकडची मंडळी रुसतात.

सोप्या म्हणजे किती सोप्या?

ज्याला पिशवी घेऊन मंडईपर्यंत पायी जाऊन परत येता येतं, त्याला जमतील. चढ म्हणाल तर घाटाच्या पायऱ्या, तेवढाच. तासाला तीन किलोमीटर धरा, त्याहून जास्त होत नाही, कारण वाटेत कोणीतरी "कुठले पाव्हणे?" म्हणून थांबवतंच. पण सपाट म्हणजे गुळगुळीत नव्हे. पाणंदीत, म्हणजे दोन शेतांमधल्या वाटेत, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात, ऊसतोडीच्या दिवसांत त्या वीतभर खोल जातात आणि वाळल्या की दगडासारख्या होतात. त्यामुळे दम लागत नाही, घोटे मात्र सांभाळायचे.

पहिल्यांदाच येतोय. कुठून सुरुवात करू?

वाईच्या गणपती घाटावरून मेणवली. जायला तीन किलोमीटरच्या आसपास, यायला तेवढंच. घाटावर सकाळी साडेसहाला पोचा.

निघण्याआधी ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून एक फेरी मारा. देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. समोरून दर्शन घेऊन लोक परततात, पण बघण्यासारखी गोष्ट पाठीमागे आहे. पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पूर आला तरी लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातो. ऑगस्टमध्ये धोमचं पाणी सोडलं की या भिंतीचा उपयोग डोळ्यांनी दिसतो. वाईत घाट एकच नाही, सात आळ्यांचे सात आहेत, आणि प्रत्येक आळीची आपली कृष्णाबाई आहे. थंडी सरताना आळीआळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्या दिवसांत आलात तर चालणं बाजूला राहील आणि प्रसादाला बसवून घेतील. बसावं.

वाईतून बाहेर पडेपर्यंत डांबरी रस्ता आणि हॉर्न आहेत, ते मुकाट सोसायचं. मळे लागले की हवाच बदलते. हिवाळ्यात ओल्या पाचटाचा आंबूस वास येतो आणि माघ-फाल्गुनात त्यावर शिजणाऱ्या हळदीचा वास चढतो. कोणाच्या खळ्यावर हळद शिजत असली तर उभं राहून बघा. वाफ निघते, कंद पसरतात, आणि दोन दिवसांत अंगणभर पिवळं होतं. विचारलं तर एखादी बाई गरम कंद मोडून आतला रंग दाखवते. तो नखाला लागला की घरी जाईपर्यंत निघत नाही.

मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. पायऱ्यांच्या कडा इतक्या वर्षांच्या धुण्यानं गोल झाल्या आहेत. खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले की बारके मासे येऊन टोचतात आणि शहरातली मुलं किंचाळतात. समोरच्या वाळुंजाच्या फांदीवर बहुतेक वेळा खंड्या असतो. निळा ठिपका सुळकन पाण्यात जातो आणि आपण बोट दाखवेपर्यंत परत फांदीवर आलेला असतो.

मेणवलीची घंटा चर्चमधली आहे हे खरं का?

खरं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांकडे आल्या आणि देवळांतून वाटल्या गेल्या. त्यातली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे. घाटावरच्या छोट्या देवळात ती टांगलेली आहे. वाजवायची हौस मुलांना फार असते, पण ती पंचधातूची आहे, आवाज लांब जातो, आणि पहाटे गाव झोपलेलं असतं.

नाना फडणविसांचा वाडा आतून बघता येतो का?

मेणवलीतला हा वाडा खासगी मालकीचा आहे. उघडा असला आणि परवानगी मिळाली तर बघावा, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. नसला तर हुज्जत घालू नये. सिनेमावाल्यांनी घाट आणि वाडा इतका दाखवला आहे की "ती जागा कुठली?" हा प्रश्न तिथल्या पोरांना पाठ झालाय.

वाट नदीला लागून सलग आहे का?

नाही. इथेच सगळे फसतात. परदेशातल्या फोटोंत असते तशी काठाकाठानं जाणारी, पाट्या लावलेली पायवाट इथे नाही. ऊस थेट दरडीपर्यंत असतो, मधे मोटारींचे पाइप, पंपाच्या खोल्या, काटेरी कुंपणं, आणि कुठे ओढा येऊन मिळतो तिथे कंबरभर चिखल.

मग चालायचं कसं? कंगवा डोळ्यांसमोर आणा. डांबरी रस्ता म्हणजे कंगव्याची पाठ. त्याच्यापासून नदीकडे उतरणाऱ्या पाणंदी म्हणजे दात. एका पाणंदीनं खाली जायचं, काठावर बसायचं, परत वर यायचं आणि पुढच्या पाणंदीला लागायचं. पाणंद ही वहिवाटीची वाट. बैलगाड्या जायच्या, आता ट्रॅक्टर जातात. ती सगळ्यांची असते, तिथे कोणी अडवत नाही. कडेला करंज, उंबर, बाभूळ असल्यानं उन्हाळ्यातही निम्मी सावली मिळते. काही ठिकाणी धोमच्या कालव्याच्या कडेच्या सेवारस्त्यावरूनही चालता येतं. तो सरळ आणि रुक्ष आहे, पण उंचावर असल्यामुळे खालचा सगळा मळा एका नजरेत येतो. कालव्याला पाणी असेल तर लहान मुलांचा हात सोडू नका. अस्तराची भिंत शेवाळलेली असते आणि पडलेल्याला धरायला काही नसतं.

शेताच्या बांधावरून गेलेलं चालतं का?

विचारून चालतं. न विचारता गेलात तरी फार कोणी ओरडत नाही, पण म्हणून जाऊ नये.

पहिल्याच वर्षी मी आठजणांना घेऊन एका बांधावरून निघाले होते. कांद्याला पाणी चाललं होतं. आमच्यातल्या एकानं फोटोसाठी बाजूला पाय टाकला तो नेमका दाऱ्यावर, म्हणजे वाफ्यात पाणी सोडायच्या तोंडावर. तिथे बांधलेला मातीचा ढेकूळ फुटला आणि पाणी भरलेल्या वाफ्यात परत शिरलं. मालक पलीकडे खोरं घेऊन उभे होते. शिव्या नाहीत, काही नाही. म्हणाले, "ताई, रात्री बारापास्नं दारं धरतोय. येवढं झालं की झोपणार हुतो." आणि मान खाली घालून ते दारं परत बांधायला लागले. त्या दिवसापासून आमचा नियम: वाफ्यात पाणी दिसलं की बांध सोडायचा आणि लांबून वळसा घालायचा.

शेतीपंपांची थ्री फेज लाईट, म्हणजे वीज, पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की सकाळी सगळे बांध ओले आणि निसरडे, आणि माणसं जागरणानं तुटलेली. "या आठवड्यात लाईट कधीची आहे?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारा. मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज बघण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणखी दोन गोष्टी. जाळीचं किंवा बांबूचं फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवून पुढे जायचं. हरभऱ्याचे डहाळे, कणीस, ऊस काहीही मोडायचं नाही. मागा, नक्की मिळेल. न मागता उपटलेला एक डहाळा पुढच्या दहा पाहुण्यांची वाट बंद करतो.

धोमला जाऊ का?

जा, पण वाईपासून पायी नको. आठ-नऊ किलोमीटर डांबरीवर आहेत आणि वाहनं वेगात असतात. एस.टी.नं किंवा रिक्षानं धोम गावात उतरा. नृसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे. कुंडात पाणी असलं की नंदी तरंगतोय असं वाटतं, कोरडं असलं की कासवाचे पाय दिसतात. दोन्ही वेळा बघितलं आहे, मला कोरडंच आवडतं, कारागिरी तेव्हा कळते. तिथून नदीपर्यंत उतरून गावातून परत फिरायचं, तासाभराचं काम. धरणाच्या भिंतीवर जाण्याचा हट्ट धरू नका.

कोणत्या महिन्यात यावं?

दसरा ते होळी. पाऊस ओसरल्यावर बांधांवर तेरडा असतो, डोंगरउतारांवर सोनकी पिवळी होते. कासला फुलं बघायला गाड्यांची रांग लागते, तेव्हा इथे पाणंदीत तुमच्याशिवाय कोणी नसतं. डिसेंबर-जानेवारीत धुकं खोऱ्यात साठून राहतं, आठ-साडेआठपर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही, नुसता पाण्याच्या मोटारीचा आवाज येतो. ऊसतोड चालू असते, टोळ्यांची पालं पडलेली असतात. गुऱ्हाळ लागलं तर गरम गुळाचा खडा मिळतो. एप्रिल-मेमध्ये साडेनऊच्या आत घरी.

रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड असतं, म्हणजे नवस फेडणाऱ्याला वर टांगून नेणारा लाकडी गाडा. कृष्णाकाठच्या सोनेश्वरपासून बैलांनी ओढत ते गावात आणतात आणि पंचक्रोशीच काय, अर्धा जिल्हा लोटतो. बगाड बघायचं असेल तर त्यासाठीच या. निवांत चालायचं असेल तर त्या दिवशी वाई टाळा.

पावसाळ्यात नाहीच का यायचं?

जून ते ऑगस्ट नदीकाठ नको, वरच्या रस्त्यावरून बघा. पाऊस इथे थोडा आणि वर महाबळेश्वरला धो धो असं असतं, त्यामुळे आकाश कोरडं म्हणून फसायचं नाही. धरण भरलं की विसर्ग सुरू होतो. आधी भोंगा वाजतो, गावांना निरोप जातात. भोंगा ऐकला की घाटावर थांबायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

पाण्यात उतरावं का?

पायरीवर बसून पाय सोडावेत, बस. घाटाच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांना शेवाळ असतं आणि त्यांच्याखाली डोह किती खोल आहे हे वरून कळत नाही. गावची पोरं धडाधड उड्या मारतात ते बघून तुम्ही मारू नका, त्यांना कुठला दगड कुठे आहे ते लहानपणापासून माहीत असतं.

साप, कुत्री, बिबट्या?

साप असतात, दिसतात कमी. पाय आपटत चालावं, दगडाच्या गडग्यात हात घालू नये. कुत्री मळ्यातल्या वस्तीवर असतात. पळालात तर मागे लागतात. उभं राहून "ओ दादा, कुत्रं आवरा" अशी हाक मारली की घरातून कोणीतरी येतं. बिबटे जिल्ह्यातल्या उसात आहेत, म्हणून पुरतं उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर उसामधल्या पाणंदीत शिरायचं नाही. मला स्वतःला धास्ती वाटते ती मधमाश्यांची. जुन्या देवळांच्या शिखरांना, मोठ्या झाडांना आग्यामोहोळं असतात. उग्र अत्तर, धूर, फटाके, ड्रोन यांतलं काहीही त्यांच्याजवळ नको.

आई-वडील सत्तरीचे आहेत, नातू चार वर्षांचा आहे.

मेणवलीपर्यंत रिक्षानं जा, घाटावर बसा, आणि येताना जमेल तेवढं चाला. घाटाला कठडा नाही आणि पायऱ्या उंच आहेत, काठी बरोबर असू द्या. नातवाला दगड फेकायला पाणी मिळालं की तो दोन तास हलत नाही. स्वच्छतागृह वाईत उरकून निघा.

एस.टी.नं येता येईल ना?

आरामात. साताऱ्याहून वाई पस्तीसेक किलोमीटर, गाड्या दिवसभर आहेत. पुण्याहून स्वारगेटवरून थेट वाई, महाबळेश्वर गाड्या मिळतात. सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर सुरूर फाट्यावर उतरून पुढे मिळेल ते वाहन. गावांत जाणाऱ्या गाड्या कमी असतात. परतीची वेळ जाताना कंडक्टरलाच विचारून ठेवा.

मोबाईलवरचा नकाशा पुरतो का?

डांबरीपुरता. पाणंदी त्यात बऱ्याचदा नसतात, आणि असतात त्या कधी कधी कोणाच्या गोठ्यात संपतात. माणसाला विचारा. फक्त "नदीकडे वाट कुठली?" असं विचारू नका, कारण नदी सगळीकडूनच आहे. "घाटावर जायचंय" किंवा "देवळापाशी उतरायचंय" असं नेमकं सांगा. "हितंच, जवळच हाय" याचा अर्थ दीड किलोमीटर.

बरोबर काय घ्यावं?

पाणी, टोपी, जुने बूट, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. भाकरी, ठेचा, कांदा बांधून आणा. घाटावर बसून खाल्लेल्या भाकरीला हॉटेलची थाळी पुरी पडत नाही.

साताऱ्यातून सकाळपुरतं काही?

संगम माहुली. शहरापासून पाचेक किलोमीटर, कृष्णा-वेण्णेचा संगम. विश्वेश्वराचं देऊळ, घाट, आणि काठावर समाध्या. महाराणी ताराबाईंची समाधी इथेच आहे. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही इथे समाधी आहे, आणि खरं सांगायचं तर मुलांना तीच लक्षात राहते. पलीकडचं क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव.

दुसरं लिंब. बारा मोटेची विहीर बघायला सगळे येतात. १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाई भोसले यांनी ती आमराईच्या पाण्यासाठी बांधली, एकाच वेळी बारा मोटा चालायच्या आणि आत चक्क छोटा महाल आहे. लोक विहिरीत डोकावतात आणि गाडी वळवतात. तसं करू नका. लिंब-गोवे इथून कोटेश्वराकडे नदीवर उतरा, पाऊण तास चाला. विहिरीतल्या गारव्यातून बाहेर आल्यावर मळ्यातलं ऊनसुद्धा बरं वाटतं.

आणि कराड, सांगलीकडे?

कराडचा प्रीतिसंगम संध्याकाळचा. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात, हे काठावर उभं राहून दिसतं. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच, बाग आहे, वाट बांधलेली आहे.

सांगलीकरांनी हरिपूरला जावं. शहरातून चारेक किलोमीटर, कडेला जुनी झाडं, शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वर. हरिपूरची जुनी ओळख हळदीच्या पेवांची. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, अशा जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच गेली. औदुंबरला दत्ताचं दर्शन, घाट, आणि नावेतून पलीकडे भुवनेश्वरी. पण भिलवडी-औदुंबर पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. मेणवलीला पाय सोडून बसा म्हटलं ते तिकडे अजिबात लागू नाही. पाण्यापासून चार हात लांब, आणि मुलं आपल्या हाताशी.

तुम्ही बरोबर येता का?

रविवारी असते मी घाटावर, साडेसहाला. हातात काठी आणि खांद्याला खाकी पिशवी असलेली बाई दिसली की ओळखा. फक्त आदल्या रात्री पाऊस झाला असेल किंवा लाईट रात्रीची असेल तर त्या दिवशी आम्ही पाणंदीत शिरत नाही, घाटावरच बसून चहा पितो.